वेड आत्याच्या नावावर

आमच्या मळ्यावर येऊन कुणालाही विचारा, या घरात डोक्यानं गेलेलं कोण हाय? शेंबडं पोरगंसुद्धा माझ्याकडं बोट दाखवील. नवसाबाई, फकिराची थोरली बहीण. नवरा मेला आणि बाई कामातून गेली, असं सांगतील. वर दोन घटका हळहळतील. हळहळायला काय जातंय त्यांचं!

बापाच्या जमिनीला माझंही नाव होतं. भावानं गोड बोलून हक्कसोड करून घेतली. मीही दिली. बहिणीनं भावाकडं कसला हिस्सा मागायचा, असं आमच्यात म्हणतात. साडीचोळी घेतली, अंगठा उठवला आणि सातबाऱ्यावरनं नाव गेलं. पुढं घरातल्या वेडाची वाटणी निघाली. ती मात्र सगळीच्या सगळी माझ्या एकटीच्या नावावर चढली. कशी चढली ते ऐका.

नाशिकला म्हसरूळच्या अलीकडं आमचा मळा. झेंडू, शेवंती, बिजली, आणि कडेकडेनं मेथी-कोथिंबीर. पहाटं फुलं खुडायची आणि ऊन चढायच्या आत गोदाकाठच्या फूलबाजारात पोचवायची. मला ओढा गावात दिलं होतं. मूलबाळ झालं नाय, मालक टीबीनं गेले, आणि फकिरा मला माहेरी घेऊन आला. गाव म्हणालं, बघा कसा भाऊ हाय. खुडायला फुकटची बाई मिळाली हे कुणी म्हणालं नाय.

आता माझ्या बापाचं सांगते, कारण सगळं तिथनं सुरू होतं. सहादू त्याचं नाव. आम्ही आण्णा म्हणायचो. मोट हाकताना असा सूर लावायचा की रस्त्यानं जाणारे थांबायचे. मी दहा-अकराची असेन, तेव्हा एका हिवाळ्यात त्याचं गाणं बंद झालं. मग जेवण सुटलं. घास तोंडात धरून बसायचा, गिळायचं राहून जायचं. पहाटं सगळ्यांच्या आधी उठायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा. काय दुखतंय विचारलं तर म्हणायचा, "माझं काय काम राहिलंय इथं?" आजी म्हणाली बाहेरचं हाय. चुलते म्हणाले कामचुकार झालाय. आई मीठमोहऱ्या उतरवत राहिली. त्याच साली त्याचा पाठचा भाऊ सापानं गेला होता, तेही कुणीतरी बोललं. कारणं सगळ्यांकडं होती. त्याच्याजवळ बसायला कुणी नव्हतं.

मग एका सकाळी तो विहिरीत सापडला.

आईनं आम्हा भावंडांना चुलीपुढं बसवलं. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आण्णांचा पाय घसरला. कुणी विचारलं तर काय सांगायचं?" आम्ही म्हणलं, "पाय घसरला." तिनं परत म्हणवून घेतलं. जन्मभर त्या विहिरीवर मोट हाकली त्या माणसानं, अंधारात डोळे झाकून चालला असता, आणि म्हणे पाय घसरला! पण आईला मी बोल लावत नाय. तिला तीन लेकी उजवायच्या होत्या. ज्या घरात माणसानं असा जीव दिला त्या घरची पोरगी कोण करील?

फकिरा तेव्हा चार-पाच वर्षांचा. त्यानं ते वाक्य असं धरलं की पुढं त्याला तेच खरं वाटायला लागलं. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार बाजारात जाण्याआधी विहिरीच्या कठड्याला बांधायचा, ही रीत आईनंच लावली. फकिरा पोरांना सांगायचा, साती आसरांचा मान हाय तो. मी गप हार बांधायचे. माझ्या बापाचा हार होता तो.

शहाण्णव साली फकिराची थोरली, प्रतिभा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी टणक. डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा सिन्नरचं स्थळ आलं. शिक्षण तिथंच सुटलं आणि लग्न लागलं. जावई धनराज तिथल्या एमआयडीसीत. तो बिचारा बरा. पण सासू रोज म्हणायची, "पहिला मुलगाच पाहिजे हं." झाली मुलगी. बारशाला सासूनं कुंची आणली आणि चेहरा असा आणला की जणू सुतकाला आलीय.

सव्वा महिना व्हायच्या आधीच मला दिसायला लागलं. प्रतिभा बाजेवर पडून आढ्याकडं बघायची. लेक रडून रडून निळी पडली तरी हिला ऐकूच जायचं नाय. झोप नाय, आंघोळीचं भान नाय. डिंकाचा लाडू तोंडात धरून बसली होती एकदा, मी म्हणलं, "गिळ ना गं." तर म्हणाली, "आत्या, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही. मी आई नाहीच. हिला दुसरी आई बघा तुम्ही." आणि एक दिवस पहाटं मी फुलाच्या पाट्या काढायला उठले, तर ही बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसलेली. ते बसणं माझ्या ओळखीचं होतं.

मग सुरू झाली कारणांची जत्रा. भावजय लता म्हणाली, सासूनं टोमणे मारून मारून माझी पोरगी खाल्ली. सिन्नरकर म्हणाले, आमच्याकडनं ठणठणीत पाठवली होती, बिघडली ती तुमच्याकडं. शेजारची अक्काबाई म्हणाली, कान नीट बांधले नाहीत, वारं शिरलं. कुणी एक भगत आणला, त्यानं पिंपळाखालचं काहीतरी काढलं. फकिरा म्हणाला, "शिकवली ना, त्याचे नखरे हायेत. दोन दिवस खुरपं हातात दिलं की सरळ होईल." उकिरडा जसा प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारात हवा, तसं झालं. आपल्या दारात बघायला कुणी तयार नाय.

आणि आपल्या दारात बघायचं तर तेव्हा मुळीच नव्हतं, कारण धाकटीची, रोशनीची सोयरीक चालली होती. स्थळ कुठलं? नाशिक रोडचं. मुलगा सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये कायम! आमच्याकडं प्रेसमधला जावई म्हणजे काय विचारता, लोक देव बदलतील त्यापायी. मध्यस्थ भिकामामा रोज सायकल हाणत यायचा. पाहुण्यांनी मुलगी बघून पसंत केली होती. फक्त घराण्याची चौकशी राहिली होती.

शेवटी गावातल्याच डॉक्टरनं फकिराला दमात घेतलं. म्हणाला, "हे ताकदीच्या इंजेक्शनचं काम नाही, पोरगी हातची जाईल," आणि कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. डोक्याच्या डॉक्टर. रिक्षात बसल्यावर फकिरा खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, तिथं घरातलं काय बोलायचं नाय. विचारलं तर नाय म्हणायचं." लतानं मान डोलावली.

डॉक्टरीणबाई मऊ बोलायच्या. प्रतिभाला सगळं विचारलं. झोप, भूक, मनात काय येतं. प्रतिभा हो-नाही करत होती. मग बाई फकिराकडं वळल्या. "रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास झाला होता का? कुणी जीव वगैरे दिला होता?"

फकिरा खुर्चीत ताठ झाला. "नाय नाय. आमचं घराणं एकदम साफ हाय. सात पिढ्यांत असलं काय नाय. गावात कुणालाही विचारा."

अरे मूर्खा! मला तिथंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. समोर डॉक्टर बसलीय, आणि हा सोयरिकीच्या बैठकीत बसल्यासारखा घराण्याची हमी देतोय. बाईंना काय आपला मुलगा द्यायचा होता याला? मी म्हणलं, "खोटं बोलतोय तो. आमच्या बापानं विहिरीत जीव दिला."

"आक्का!" फकिरा ओरडला.

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा प्रतिभानं मान वर केली. "आजोबांचा पाय घसरला होता ना?"

"नाय बाळा. आजोबाला हेच झालं होतं, तुला झालंय तेच. असाच भिंतीकडं तोंड करून बसायचा. कुणाला कळलं नाय, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हे एका कारणानं होत नाही हो. रक्तात थोडं असतं, पण तेवढ्यानं होतंच असं नाही. त्यात बाळंतपणात शरीर सगळं ढवळून निघतं, झोप जाते. मनाविरुद्ध काही झालेलं असतं, वर घरात कुणी टोचून बोलत असतं. सगळं एकावर एक येतं आणि माणूस खचतो." मला पटलं. झेंडूवर करपा पडतो तेव्हाही असंच असतं, बी नाजूक, त्यात ढगाळ हवा, त्यात दाट लावण. बी नाजूक हे माहीत असलं तर माणूस लावण तरी विरळ करतो.

प्रतिभानं विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही? वाईट आई नाही मी?"

"तुम्ही आजारी आहात. आणि यातून बऱ्या होणार आहात."

पोरगी माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. अशी रडली की मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. म्हणाली, "आत्या, तू बोललीस म्हणून गं." बाईंनी औषध दिलं. बजावून सांगितलं, हिला एकटं सोडायचं नाही, विहिरीकडं जाऊ द्यायचं नाही, रात्री बाळ दुसऱ्या कुणी सांभाळायचं, हिला झोपू द्यायचं. माझा बाप तसा गेलाय म्हणल्यावर त्यांनी हे दोनदा सांगितलं. तेवढ्यासाठीच मी बोलले होते.

घरी आल्यावर फकिरानं थयथयाट केला. "एका पोरीपायी तू दुसरीचं लग्न मोडणार!" मी म्हणलं, "आधी ही जगू दे. बहिणीनं जीव दिलेल्या घरात तरी कोण सोयरीक करणार हाय?" त्यानं गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "या तुझ्याकडं ठेव. कुणी विचारलं तर तुझ्या हायेत."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं वारं कुठं वाहतंय ते.

पुढच्याच आठवड्यात प्रेसवाले पाहुणे आले, मुलाची आई आणि मामा. ओसरीवर सतरंजी टाकली. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तर मामा बोलतच होता. "फकिराभाऊ, एक ऐकलं ते विचारतो. राग मानू नका. तुमची मंडळी कॉलेज रोडला वेड्यांच्या डॉक्टरकडं दिसली म्हणे आमच्या एका माणसाला."

फकिराची पापणी लवली नाय. त्यानं सरळ माझ्याकडं हात केला. "हो. ही आमची आक्का. मालक गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काय पण बरळते. टाकून कशी द्यायची? आपलं माणूस हाय, नेतो आपला औषधाला."

मुलाची आई कळवळली. "अगं बाई! रक्तातलं तर नाही ना?"

"छे छे! दुःखानं झालं ते," लता आतनं म्हणाली.

बघा, वेडालासुद्धा सोयरिकीत चालणारं कारण लागतं. नवरा मेल्याचं दुःख चालतं. रक्त चालत नाय. माझं वैधव्य एवढ्या वर्षांत कुणाच्या कामी आलं नव्हतं, त्या दिवशी आलं.

बशा हातात घेऊन मी उभी. वाटलं, पोह्यांसकट फेकावं सगळं याच्या तोंडावर. दारात रोशनी उभी होती. एकोणीस वर्षांची पोर, नवी साडी, हाताची बोटं मोडत होती. नजर माझ्यावर. बोलू नकोस आत्या, एवढंच होतं त्या नजरेत. आतल्या खोलीत प्रतिभा होती. तिच्या हातातल्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. वाटलं, ही तरी बाहेर येईल, म्हणेल की आत्या शहाणी हाय. ती आली नाय. बरं, तिला बोलायचं बळ नव्हतं, मी तिला तेव्हा माफ केलं.

मुलाच्या आईनं मला लहान पोराशी बोलावं तसं विचारलं, "काय हो बाई, आता बरं वाटतं ना?"

मी म्हणलं, "हो. अमावास्येला तेवढं चढतं."

बाईनं पटकन आपली बशी लांब ओढली. फकिरानं माझ्याकडं असं बघितलं की जन्मात पहिल्यांदा त्याला माझे पाय धरावेसे वाटले असतील. सुपारी फुटली.

मग काय, गावात दवंडी पिटायची गरज उरली नाय. भिकामामाची सायकल होती. फूलबाजारातल्या बाया माझ्याशी जपून बोलायला लागल्या. हारवाल्या भागीबाईनं माझ्यासमोरनं कात्री उचलून ठेवली, हसत हसत. लोकांनी लेकरं माझ्या कडेवर द्यायची बंद केली. मी रागावले तर म्हणायचे, बघा चढलं. मी हसले तर म्हणायचे, बघा चढलं. रोशनीच्या हळदीला मला मागच्या खोलीत बसवलं आणि सोबतीला एक बाई ठेवली, मी मांडवात येऊन काही बोलू नये म्हणून. अंतरपाट धरलेला मी खिडकीतनं बघितला.

प्रतिभा मात्र बरी झाली. दिवाळीपर्यंत लेकीला मांडीवर घेऊन घास भरवायला लागली. रोज सकाळी मीच गोळी द्यायचे, तिच्या गोळ्या, माझ्या नावाच्या. सिन्नरला परत गेली. घर सांभाळलं, सासूला जिंकलं, बचत गटाची अध्यक्ष झाली. सणासुदीला आली की मला साडी आणायची. त्या दवाखान्याचा विषय तिनं कधी काढला नाय. मी काढला तर म्हणायची, "अशक्तपणा होता गं आत्या. रक्त कमी होतं." मी म्हणायचे, बरं बाई.

मग आलं कुंभमेळ्याचं साल, दोन हजार तीन. त्या वर्षी फुलं सोन्यासारखी गेली. रोशनी बाळंतपणाला आली, श्रावणात मुलगा झाला. सासरहून सोन्याचं कडं आलं बाळाला. नवरा सरळ, सासू मायाळू, कशाची ददात नाय. आता सांगा, कुणाच्या दारात टाकायचा उकिरडा? आणि तरी पोरगी उतरायला लागली. आधी केसात फूल माळायची बंद झाली. मग पहाटं जाग. मग तोंडात घास.

मी फकिराला म्हणलं, "बघतोस ना?" तो म्हणाला, "थकवा हाय. मुलगा झालाय तिला, रडायला काय झालं?" लता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला मेलं सगळीकडं तेच दिसतं." वेडीचं कोण ऐकतंय!

दसऱ्याच्या आदल्या पहाटं आम्ही सगळे झेंडूच्या रानात होतो. मोठा खुडा होता. मी पाटी रिकामी करायला घराकडं आले, तर रोशनीची बाज रिकामी. बाळ एकटंच टाहो फोडत होतं. मला कुणी सांगावं लागलं नाय. ज्या वाटेनं लहानपणी लोक बापाला बघायला पळाले होते, त्याच वाटेनं मी पळाले.

ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. मी ओरडले नाय. जवळ गेले, तिचा हात हातात घेतला. बर्फागत गार. म्हणलं, "चल, चहा टाकते." ती आली. पण त्यानंतर माझा हात सोडायलाच तयार नाय. चहासुद्धा डाव्या हातानं प्याली.

दसऱ्याचे पाहुणे म्हणून त्याच दिवशी रोशनीचा नवरा आणि सासू आले. फकिरा झाकाझाकी करत होता, पण तो मुलगा शहाणा. बायकोचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं." नाशिक रोडला त्याच्या माहितीचा एक मानसोपचारवाला होता. जीप ठरवली. रोशनीनं माझा हात सोडला नाय, म्हणून मला न्यावं लागलं. नाहीतर वेडीला कोण नेतंय? प्रतिभा लेकीला घेऊन सुट्टीला आलेली होती, तीही बाळ सांभाळायला आली.

डॉक्टर तरुण होता. सगळं विचारून झाल्यावर त्यानंही तोच प्रश्न विचारला. "रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार? कुणी आत्महत्या, किंवा प्रयत्न?"

फकिरा ताठ झाला. मला हसू आलं, खरंच सांगते. "नाय. कुणालाच नाय."

लतानं मान हलवली. मग डॉक्टरनं प्रतिभाकडं बघितलं. "तुम्ही सख्खी बहीण ना? तुम्हाला बाळंतपणानंतर काही त्रास झाला होता?"

मी तिच्याकडं बघत राहिले. म्हणलं, बोल. तू वाचलीस ती कुणीतरी बोललं म्हणून. आता तुझी पाळी हाय. बोल गं.

प्रतिभानं बाळाची टोपी सारखी केली. "नाही डॉक्टर. आमच्याकडे कुणालाच नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. रोशनीचा हात अजून माझ्या हातात होता. पलीकडं तिची सासू कान देऊन बसलेली. बापाचं नाव काढलं असतं तर फकिरा म्हणाला असता, वेडी हाय, बरळते. प्रतिभाचं काढलं असतं तरी तेच. खरं बोलायची वाट यांनी माझ्यापुरती बुजवून टाकली होती. एकच गोष्ट होती जी मी बोलले तर कुणाला खोडता आली नसती.

मी म्हणलं, "डॉक्टर, मला हाय ना. मी वेडी हाय. विचारा यांना."

डॉक्टर चमकला. फकिराचं तोंड उघडं ते उघडंच.

"मी हिची सख्खी आत्या. हिच्या बापाची सख्खी बहीण, एका आईबापाची. विचारा की माझ्या भावाला, मला वेड लागलं होतं का नाय?"

बोलली रोशनीची सासूच. "हो डॉक्टरसाहेब, खरं आहे. सोयरीक जुळवतानाच सांगितलं होतं आम्हाला. बिचारीला औषध चालू होतं."

"ते... ते मालक गेल्याच्या दुःखानं..." फकिरा पुटपुटला.

"नाय रे, त्याच्या कितीतरी आधीपासनं," मी म्हणलं. "तू लहान होतास, तुला काय आठवणार? डॉक्टर, पहाटं जाग यायची. भिंतीकडं तोंड करून बसायचे. घास तोंडात धरायचे, गिळायचं सुचायचं नाय. माझं इथं काय काम राहिलंय, असं वाटायचं. एकदा विहिरीपर्यंत गेले होते. एकटं सोडलं होतं मला, म्हणून गेले."

मी बोलत होते आणि प्रतिभाची मान खाली खाली चालली होती. अर्धं माझ्या बापाचं होतं, अर्धं तिचं. माझं त्यात काहीच नव्हतं. पण डॉक्टर आता सावरून बसला. त्यानं जावयाला आणि सासूला स्वच्छ सांगितलं, "हे फार महत्त्वाचं आहे. हिला एक मिनिट एकटं सोडायचं नाही." पुढचं सगळं तेच, कॉलेज रोडच्या बाईंनी सांगितलेलं. रोशनीच्या नवऱ्यानं एकेक गोष्ट परत विचारून घेतली. सासूनं सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला. सोयरीक मोडली नाय. काही काही झालं नाय. ज्या भीतीपायी यांनी दोन पिढ्या तोंड शिवलं होतं, ती भीती त्या खोलीत कुणाला चावली नाय. निघताना डॉक्टर मला म्हणाला, "आजी, तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हणलं, "विसरते अधनंमधनं."

जावई आणि सासू नाशिक रोडला आपल्या घरी उतरले, कपडे घेऊन संध्याकाळी मळ्यावर येणार होते. जीपमध्ये उरलो आम्ही घरचीच. फकिरा आणि लता पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं मी, रोशनी, आणि समोर प्रतिभा बाळाला घेऊन, तिच्या कुशीला तिची लेक. सात वर्षांची, चुणचुणीत. डोळे टकटक करून सगळं ऐकत होती.

द्वारका चौक मागं पडल्यावर रोशनीनं तोंड उघडलं. कितीतरी दिवसांनी. "ताई, तुलाही असंच झालं होतं ना गं, हिच्या वेळेला? मला थोडं थोडं आठवतं. तू पण अशीच बसायचीस. मग तू बरी कशी झालीस?"

आता कुणी परकं नव्हतं जीपमध्ये. सासू नाय, जावई नाय, मध्यस्थ नाय. बुडणारी बहीण विचारत होती, किनारा हाय का म्हणून. आणि प्रतिभा काठावर सुखरूप बसलेली होती.

प्रतिभानं लेकीकडं बघितलं. लेक तिच्या तोंडाकडं बघत होती. प्रतिभानं तिचे केस कानामागं सारले.

"छे गं," ती म्हणाली. "मला नुसता अशक्तपणा होता."

रोशनीनं माझा हात दाबला. "आत्या, मग तू? तू बरी झालीस?"

मी प्रतिभाकडं बघितलं. ती बाहेर रस्त्याकडं बघत होती.

"हो बाई," मी म्हणलं. "मी पार बरी झाले."